एका संगणकाची तीन नावं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात आयटी विभाग असा कधी नव्हताच. सिस्टीम बघणारा एक मुलगा होता. तो नोकरी सोडून बेंगळुरूला गेला आणि ते काम अकाउंट्सकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. हँडओव्हर म्हणून एक एक्सेल फाइल मिळाली. तिच्यात पासवर्ड होते, पण कोणता कशाचा हे निम्म्या ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं.

सुरुवातीला एखादी अडचण आली की बघायचं कुठे, हेच मला उमगत नसे. अँटीव्हायरसचा डॅशबोर्ड वेगळा, बॅकअपचा वेगळा, फायरवॉलचा आणखी तिसरा. ईमेलची खाती एकीकडे, टॅलीचे युजर टॅलीत, हजेरीच्या थंब मशीनचं सॉफ्टवेअर फक्त गेटवरच्या पीसीवर. तक्रारी व्हॉट्सॲप ग्रुपवर यायच्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये बुडून जायच्या. प्रत्येक गोष्टीचं रिन्युअल वेगळ्या तारखेला, आणि त्याची आठवण जायची ती निघून गेलेल्या मुलाच्या मेलवर. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, इंजिनिअरला काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, ते ह्या पोर्टलवर दिसणार नाही."

मालक म्हणाले, सगळं एकत्र आणणारं एखादं सॉफ्टवेअर घेऊन टाका. मी डेमो बघायला बसले. समोरच्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे मशीन किती आहेत?" माझ्याकडे तीन याद्या होत्या आणि तिन्हींतले आकडे वेगळे होते. त्या दिवशी डेमो थांबवला, ते बरंच झालं. काय आहे हेच ठाऊक नसताना नवं सॉफ्टवेअर घेतलं असतं, तर आमच्याकडे चौथी यादी झाली असती.

स्टोअरमधल्या एका पीसीचं उदाहरण सांगते. अँटीव्हायरसच्या यादीत त्याचं नाव 'डेस्कटॉप' आणि पुढे विंडोजने आपोआप दिलेली अक्षरं. एएमसीवाल्यांकडे नुसता सिरियल नंबर. आणि मी स्वतः सांभाळते त्या मालमत्ता नोंदवहीत 'संगणक संच, 1 नग'. हे तिन्ही एकच आहेत हे कागदावरून कुणालाच सांगता आलं नसतं. स्टोअरमधले काका म्हणाले, "ताई, हा डबा आधी क्यूसीत होता. मॉनिटर तेवढा माझा जुना." मग मी टेबलाटेबलावर फिरले. सीपीयू पुढे ओढायचा, मागची धूळ पुसायची, स्टिकरचा फोटो काढायचा. स्टिकर झिजलेलं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ टाइप केली की बायॉसमधला सिरियल नंबर मिळतो. हे मला एएमसीच्याच मुलाने शिकवलं.

त्या फेरीत जे सापडलं त्याने माझी झोप उडाली. भंगारात गेलेल्या मशीनांच्या नावावर लायसन्सचे पैसे जात होते. आणि डिस्पॅचचा एक लॅपटॉप कुठल्याच यादीत नव्हता. त्यावर अँटीव्हायरस नाही, आणि रोजची ई-वे बिलं मात्र त्यावरूनच निघत होती.

मग आम्ही जीएलपीआय हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवलं. प्रत्येक संगणकावर त्याचा एक छोटा प्रोग्राम असतो. तो सिरियल नंबर, रॅम, विंडोजची आवृत्ती, आत काय काय इन्स्टॉल आहे ते सर्व्हरला आपणहून कळवतो. तक्रारीही तिथेच नोंदवायच्या, त्याच मशीनच्या नावावर. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आता त्यावर चालणारी मशीन कोणती, हे विचारायला मला कुणाच्या टेबलाशी जावं लागत नाही.

माणसांची यादी लावणं जास्त अवघड गेलं. सोडून गेलेल्यांची खाती व्हीपीएनवर चालूच होती, कारण मेल बंद करणारा वेगळा आणि व्हीपीएन बघणारा वेगळा. आता मेलचं खातं हेच मूळ धरलं आहे. ज्या सॉफ्टवेअरना चालतं त्या सगळ्यांचं लॉगिन त्याला जोडलं. ते बंद केलं की बाकीची दारं आपोआप बंद. टॅली आणि हजेरी त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी एचआरच्या नो ड्यूज फॉर्मवर दोन चौकटी वाढवल्या.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा आदेश दाखवते. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि लॉग 180 दिवस जपायचे. इशारे पाच ठिकाणी पडत असतील, तर घटना लक्षात तरी कधी येणार?

पण एकत्र आणण्याची भीतीही मला तितकीच वाटते. जुलै 2021 मध्ये कासेया कंपनीच्या, दुरून संगणक सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमधूनच रॅन्समवेअर पसरलं. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे 800 ते 1,500 व्यवसायांना झळ पोहोचली. स्वीडनमध्ये कूप या सुपरमार्केट साखळीची बिलिंग यंत्रं बंद पडून शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. ज्या वाटेने दुरुस्ती पोहोचायची, त्याच वाटेने घाव आला. म्हणून आमच्या ॲडमिन खात्याला पासवर्डशिवाय दुसरी खूणही लागते, आणि रोजच्या कामाला ते खातं कुणी वापरत नाही. बॅकअपची एक प्रत मी मुद्दाम या सगळ्यातून बाहेर ठेवली आहे. एक डिस्क, काम झालं की काढून कपाटात.

एक मशीन अजून राहिलंय. क्यूसीतल्या मोजमाप यंत्राचा पीसी विंडोज 7 वर चालतो, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर उघडतच नाही. त्याला वेगळ्या नेटवर्कवर टाकलंय. पण यंत्र पुरवणाऱ्यांचा दुरून जोडण्याचा प्रोग्राम अजून त्यावर आहे, चोवीस तास चालू. मेंटेनन्सचे साहेब म्हणतात, राहू द्या, बिघाड झाला तर लगेच बघतात. माझं म्हणणं, त्यांचा इंजिनिअर फोन करेल तेव्हाच चालू करू आणि काम झालं की बंद. शनिवारी मालकांसमोर बसायचं ठरलंय. जीएलपीआयमधली त्या पीसीची नोंद मी प्रिंट काढून ठेवली आहे.