मनाचा सराव

मी वसईच्या एका महाविद्यालयात शिकत होतो, तेव्हाची ही गोष्ट. साल २००८. आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉलचा संघ होता आणि मी मधल्या फळीत खेळत असे. संघात सगळीकडची मुले होती. पापडी आणि निर्मळची ख्रिस्ती मुले होती, अर्नाळ्याचा एक कोळी मुलगा होता, विरारचे दोघे होते आणि सोपाऱ्याचा मी होतो. मैदानावर सगळ्यांची भाषा एकच, मराठी. तीही ओरडून बोललेली! माझे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झाले होते. मराठी मी पुस्तकात जेवढी शिकलो, त्याहून जास्त त्या मैदानावरच्या चिखलात शिकलो.

ऑगस्ट महिन्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा सामना होता. सकाळची लोकल पकडून आम्ही चर्चगेटला उतरलो आणि जवळच्याच मैदानावर गेलो. रात्रभर पाऊस पडून गेला होता. मैदानात जागोजागी पाणी साचले होते. सामना अटीतटीचा झाला. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला आणि वेळ संपली. निकाल पेनल्टीवर ठरणार होता.

प्रत्येक संघाला पाच संधी. आमच्यातर्फे पाचवा मी होतो. चौघांच्या पेनल्टी झाल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे पाचही फटके झाले होते आणि ते एका गोलने पुढे होते. मी गोल केला असता तर बरोबरी झाली असती.

पेनल्टीचा ठिपका गोलपासून अकरा मीटरवर असतो. गोलची रुंदी सात मीटरहून जास्त आणि उंची जवळजवळ अडीच मीटर. एवढ्या मोठ्या दारातून चेंडू घालवायचा, त्यात अवघड काय? सरावात मी दहापैकी नऊ वेळा तो घालवत असे. पण त्या दिवशी मधल्या वर्तुळापासून ठिपक्यापर्यंत चालत जाताना माझे पाय माझे राहिले नाहीत. छाती धडधडत होती. तोंडाला कोरड पडली होती. प्रेक्षक काय म्हणतील, हरलो तर मित्र काय म्हणतील, एवढेच डोक्यात होते. पंचांची शिट्टी वाजली आणि मी श्वासही न घेता धावलो. डाव्या कोपऱ्यात मारायचे ठरवले होते. धावता धावता मन बदलले. वाटले, उजवीकडे मारावे. चेंडू डावीकडेही गेला नाही आणि उजवीकडेही गेला नाही. तो आडव्या दांड्यावरून आकाशात गेला.

परतीच्या गाडीत कोणी मला बोलले नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटले. कर्णधाराने आपल्या वडापावातला अर्धा माझ्यापुढे केला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर आठ दिवस मी मैदानाकडे फिरकलो नाही. माझ्या अब्बांचे शिवणकामाचे लहानसे दुकान होते. मी दुपारी तिथे जाऊन काज-बटण करत बसे. घरी सांगितले होते की, फुटबॉल आता पुरे झाले, अभ्यास करायचा आहे. अब्बांनी काही विचारले नाही.

नवव्या दिवशी आमचा कर्णधार पापडीहून सोपाऱ्याला आला. दुकानाच्या पायरीवर बसला. अब्बांना म्हणाला, "काका, सरांनी निरोप दिलाय. चेंडूंची पिशवी उद्यापासून याच्याकडे. हा आला नाही, तर आमचा सराव होणार नाही." पिशवी तिथेच ठेवून तो निघून गेला.

मी गप्प होतो. अब्बा मशीनवर एक पायजमा शिवत होते. ते मान वर न करता म्हणाले, "बेटा, माझी टीप चुकली तर मी काय करतो?"

"उसवता."

"आणि मग?"

"पुन्हा मारता."

"कापड फेकून तर देत नाही ना?"

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पिशवी खांद्यावर घेऊन मी नालासोपारा स्टेशनावर उभा होतो.

मला वाटले होते, सर आता माझ्याकडून रोज पन्नास पेनल्टी मारून घेतील. त्यांनी उलटेच केले. सराव संपत आला, सगळे दमून गेले, पायांत गोळे यायला लागले, की ते प्रत्येकाला फक्त एक पेनल्टी मारायला लावत. एकच. दुसरी संधी नाही. बाकीच्यांनी भोवती उभे राहून आरडाओरडा करायचा. ज्याचा फटका चुकेल, त्याने सगळ्यांसाठी पाणी आणायचे.

त्या एका फटक्याची रीतही त्यांनी घालून दिली होती. चेंडू स्वतःच्या हाताने ठेवायचा. कोणता कोपरा, ते चेंडू ठेवतानाच ठरवायचे आणि मग बदलायचे नाही. मोजून पाच पावले मागे यायचे. शिट्टी झाली तरी लगेच धावायचे नाही. एक श्वास घ्यायचा, तो सावकाश सोडायचा आणि मग पाऊल उचलायचे.

मला हे सारे पोरखेळासारखे वाटले. मी विचारले, "सर, श्वासाने गोल होतो का?"

सर हसले. म्हणाले, "अरे, भीती वाटली की हृदय जोरात चालते, श्वास तोकडा होतो, अंगाचे स्नायू ताठ होतात. हृदयाला 'हळू चाल' असा हुकूम तुला देता येत नाही. पण श्वास तुझ्या हातात आहे. तो सावकाश सोडलास, की हृदयही थोडे शांत होते. जे आपल्या हातात आहे, तिथून सुरुवात करावी."

हळूहळू माझ्या लक्षात आले, की चांगल्या खेळाडूंच्या अशा पुष्कळ लहान लहान सवयी असतात. आमचा गोलरक्षक गोल झाला की आधी दोन्ही हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा घट्ट बांधत असे. एकदा मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "गेलेला चेंडू जाळ्यात आहे. पुढचा अजून यायचा आहे. पट्टे बांधेपर्यंत मागचा विसरायचा, असे मी ठरवलेय." अर्नाळ्याचा आमचा आघाडीवीर फार तापट होता. कोणी पाडले की तो अंगावर धावून जाई. सरांनी त्याला सवय लावली, की पडल्यावर उठायचे आणि दहा पावले आपल्याच गोलच्या दिशेने चालायचे. दहाव्या पावलापर्यंत त्याचा राग निम्मा होई.

सर आम्हांला एक वहीही ठेवायला सांगत. त्या वहीत गोल मोजायचे नाहीत. वेळेवर उठलो का, बूट धुऊन ठेवले का, रात्री दहाला झोपलो का, आज कोणती चूक झाली आणि उद्या काय करणार, एवढेच लिहायचे. गोल होणे न होणे आपल्या हातात नसते. बूट धुणे असते.

एक गोष्ट मात्र सरांना मुळीच चालत नसे. दुखापत लपवणे. विरारच्या एका मुलाने घोटा सुजलेला असताना मोज्यात लपवला आणि खेळायला उतरला. सरांनी त्याला ताबडतोब बाहेर बसवले. म्हणाले, "दुखणे लपवणारा कणखर नसतो. 'मला दुखतेय' असे वेळेवर सांगायलाही हिंमत लागते." मनाचे दुखणेही तसेच असते, हे मला ते आठ दिवस आठवून पटले. मी दुकानात बसून राहण्याऐवजी कोणाशी बोललो असतो, तर आठ दिवस लागले नसते.

दिवाळीच्या सुटीनंतर एका रविवारी सर आम्हांला मुंबईत कूपरेज मैदानावर सामना बघायला घेऊन गेले. मध्यंतरात ते म्हणाले, "ही जागा साधी नाही. रोव्हर्स चषकाचे सामने इथे होत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळेतले शिक्षक."

शाळेतले शिक्षक! मी कान टवकारले.

मग सरांनी १९४८ सालची हकिकत सांगितली. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ लंडनच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. समोर फ्रान्सचा संघ होता. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. भारत १-२ असा हरला. त्या संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ हे नागा तरुण होते आणि कोलकात्यात वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. म्हणजे आमच्यासारखेच महाविद्यालयातले खेळाडू! ऑलिंपिकनंतर त्यांनी अभ्यास पुरा केला, डॉक्टर झाले आणि आपल्या नागा मुलखात परत जाऊन रुग्णांची सेवा केली. त्याच संघातले शैलेन मन्ना पुढे भारताचे कर्णधार झाले. तीनच वर्षांनी, १९५१ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे प्रशिक्षक होते रहीमसाहेब.

"दोन पेनल्टी वाया गेल्या म्हणून या लोकांनी बूट खुंटीला टांगले असते तर?" सर एवढेच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. पण ते वाक्य कोणासाठी होते, ते मला कळले.

पुढे मी रहीमसाहेबांविषयी मिळेल ते वाचले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. १९६२ साली जाकार्ताला आशियाई खेळांत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्णपदक मिळवले. रहीमसाहेब तेव्हा आजारी होते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्यांचे निधन झाले.

आता तुम्ही विचाराल, की तुमच्या पेनल्टीचे पुढे काय झाले?

दुसऱ्या वर्षी मला पुन्हा संधी मिळाली. सामना चालू असतानाच आम्हांला पेनल्टी मिळाली. कर्णधाराने चेंडू उचलला आणि माझ्या हातात दिला. मी तो ठिपक्यावर ठेवला. डावा कोपरा ठरवला. पाच पावले मागे आलो. शिट्टी वाजली. श्वास घेतला, सोडला आणि ठरवला होता तिथेच चेंडू मारला.

समोरच्या गोलरक्षकाने झेप घेऊन तो अडवला!

पण या वेळी मी डोक्याला हात लावून उभा राहिलो नाही. चेंडू त्याच्या हातून सुटून बाजूला गेला होता. तो घेऊन त्यांचा खेळाडू आमच्या गोलकडे निघाला आणि मी त्याच्यामागे धावलो. मधल्या रेषेजवळ मी त्याच्याकडून चेंडू काढून घेतला. तो सामना आम्ही एका गोलने जिंकलो. गोल माझा नव्हता. तरी परतीच्या गाडीत मी पोटभर वडापाव खाल्ला.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. मन घट्ट असणे म्हणजे फटका कधीच न चुकणे नव्हे. फटका चुकल्यावर पुढच्या क्षणी पाय कुठे वळतात, त्यावरून मनाची ताकद कळते. आणि ते पाय त्या क्षणी विचार करून वळत नाहीत. रोजच्या सवयीने वळतात.

आनंदातही मन सांभाळावे लागते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने डोक्याने चेंडू मारून बरोबरी साधली. विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. मी टीव्हीसमोर उड्या मारल्या. माझ्या उड्या संपायच्या आतच, एका मिनिटात, कोलंबियाने दुसरा गोल केला आणि सामना जिंकला. त्या मुलांची मेहनत मोठीच होती. पण आमचा गोलरक्षक हारीत आणि आनंदातही हातमोज्यांचे पट्टे का बांधत असे, ते मला पुन्हा आठवले.

नंतर मी बी.एड. केले. सरावपाठाच्या पहिल्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक बसले होते. माझ्या हातातला खडू थरथरत होता. मी फळ्याकडे पाच पावले चाललो, एक श्वास सावकाश सोडला आणि पाठाचे नाव लिहिले. अक्षर वाकडे आले, पण पाठ पुरा झाला.

उर्दूत आपण ज्याला 'सब्र' म्हणतो, त्याला मराठीत 'धीर' म्हणतात. रोज्याच्या दिवसांत आपण तहान कशी सोसतो, हे तुम्हांला सांगायला नको. धीर हा सामन्याच्या किंवा परीक्षेच्या दिवशी बाजारातून आणता येत नाही. तो रोज थोडा थोडा शिवावा लागतो. एखादी टीप चुकेलच. ती उसवावी आणि पुन्हा मारावी. कापड फेकून देऊ नये.