विमानांखालचं गाव

आज दिवसभर गुसाँव्हिल डोक्यातून जात नाहीये. पॅरिसच्या उत्तरेला, वीसेक किलोमीटरवर या गावाचा जुना भाग आहे. तिथल्या कितीतरी घरांची दारं-खिडक्या विटा रचून बुजवलेली. माणसं उठून गेली ती युद्धामुळे नाही की दुष्काळामुळे नाही; आवाजामुळे.

1974 साली शेजारी शार्ल द गोल विमानतळ सुरू झाला आणि गाव नेमकं विमानांच्या वाटेखाली आलं. आदल्याच वर्षी, 3 जून 1973 ला, ल बुर्जेच्या विमान प्रदर्शनातलं सोव्हिएत टीयू-144 गुसाँव्हिलवरच कोसळलं होतं. विमानातले सहा आणि जमिनीवरचे आठ जण गेले. त्यानंतर कोणाला आभाळाखाली निर्धास्त झोप लागणार? विमानतळाने घरं विकत घेतली, बहुतेकांनी पैसे घेऊन दुसरीकडे संसार मांडला. मीही तेच केलं असतं.

पण घरं पाडायची म्हटलं तर मधोमध जुनं चर्च, संरक्षित वास्तू. तिच्या आसपासची बांधकामं सहजी पाडता येईनात. राहवत नाही आणि मोडवतही नाही, असा सगळा सरकारी घोळ!

तरी काही कुटुंबं हललीच नाहीत. जुन्या पुस्तकांचं एक दुकानही चिकाटीने चालत राहिलं. मला त्या दुकानाचं भारी अप्रूप. वर कानठळ्या बसतायत आणि खाली कोणीतरी शांतपणे किमतीची घासाघीस करतंय! मुंबईहून पॅरिसला उतरताना आपण मात्र खिडकीतून आयफेल टॉवरच शोधत बसतो.