पूर्वपक्ष कोठें संपतो?

दहावीच्या परीक्षेंत मराठी माध्यमाच्या मुलीस विज्ञानांत उत्तम गुण मिळाले म्हणजे घरांत पेढे वाटले जातात, आप्तेष्ट कौतुक करतात, आणि ती विज्ञानशाखेकडे जाणार हें जणूं ठरूनच जातें. परंतु अकरावीचे पहिले दोन महिने लोटतात न लोटतात तोंच त्याच घरांत एक निराळी शांतता पसरते. पुस्तक उघडें असतें, मुलगी समोर बसलेली असते, पान मात्र उलटत नाहीं. "इंग्रजी कच्चें आहे, होईल हळूहळू," असें म्हणून वडील मंडळी शिकवणी लावतात, शब्दकोश आणून देतात. रोग एक आणि औषध दुसरें, असा हा प्रकार होतो, असें माझें प्रत्यक्ष अनुभवावरून मत झालें आहे.

माझी भाची तालुक्याच्या गांवाहून अकरावीसाठीं आमच्याकडे राहावयास आली. दहावीपर्यंत जें 'प्रकाशसंश्लेषण' होतें तें आतां 'फोटोसिंथेसिस' झालें, 'पेशी'ची 'सेल' झाली, 'त्वरणा'चें 'ॲक्सिलरेशन' झालें. हें नामांतर तिनें एका वहींत दोन रकाने आंखून पंधरा दिवसांत पाठ करून टाकलें. तरीहि एके रात्रीं ती म्हणाली, "आत्या, मला विज्ञान झेपायचें नाहीं. शब्द सगळे कळतात. पण परिच्छेद संपला कीं त्यांत काय सांगितलें तें सांगतां येत नाहीं. मी कलाशाखेला जाते. बाबांना तूं सांगशील का?"

शाखा बदलण्याचा अर्ज आठवड्याभरांत द्यावयाचा होता. कलाशाखा कमी योग्यतेची आहे असें मी मुळींच मानीत नाहीं. इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय कांहीं कमी बुद्धि मागत नाहींत. परंतु 'आपण मंद आहों' असा ग्रह करून घेऊन कोणत्याहि शाखेंत जाणें मला अनिष्ट वाटलें. शिवाय जी भिंत तिला येथें आडवी आली, तीच तेथेंहि उभी असणार होती.

'शब्द सगळे कळतात' हें तिचें वाक्य माझ्या मनांत घोळत राहिलें. दुसरे दिवशीं मीं तिच्यापुढें एक परिच्छेद ठेवून विचारलें, "यांतलें हें तिसरें वाक्य कोणाचें मत आहे? लेखकाचें, कीं लेखक ज्याला उत्तर देतो आहे त्याचें?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. असा प्रश्न तिला आजवर कोणीं विचारलाच नव्हता.

शाळेंतलें पुस्तक एकाच आवाजांत बोलतें. त्यांत जें छापलें आहे तें खरें, आणि तें लक्षांत ठेवणें म्हणजे अभ्यास, अशी दहा वर्षें संवय झालेली असते. पण विद्वानांनीं विद्वानांसाठीं लिहिलेल्या लेखांत एकाहून अधिक आवाज असतात. लेखक दुसऱ्याचें मत मांडतो, त्यांत उणें दाखवितो, मग आपलें म्हणणें सांगतो आणि शेवटीं त्याची मर्यादाहि सांगतो. 'हाउएव्हर', 'ऑलदो', 'मे', 'सजेस्ट' हे लहानसे शब्द या वळणांवर उभे असतात. ते सोपे म्हणून कठीण शब्दांच्या यादींत येत नाहींत, आणि यादींत नाहींत म्हणून मुलांची नजर त्यांवरून घसरून जाते. वळण चुकलें कीं पुढचा सारा रस्ता परका होतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतों, शेजारीं वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. चष्मा काढून ते नातीला म्हणाले, "अग, हा तर पूर्वपक्ष! आमचे भाष्यकार प्रतिपक्षाचें म्हणणें असें ठांसून मांडतात कीं, नवख्याला तें त्यांचेंच वाटावें. मग येतें 'इति चेत्, न'. असें म्हणाल तर, तसें नाहीं. त्या एका 'न'कडे ज्याचें दुर्लक्ष झालें, तो ग्रंथकाराच्या प्रतिपक्षाचा शिष्य होऊन बसतो!"

ती हंसली, आणि मला एक वाट सांपडली. डीएनए हें नांव तिच्या परिचयाचें होतें. त्याच्या रचनेविषयींचा जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांचा मूळ लेख मीं तिला छापून आणून दिला. 'नेचर' या साप्ताहिकांत तो २५ एप्रिल १९५३ रोजीं प्रसिद्ध झाला. एवढी त्याची कीर्ति, पण लांबी एका पानाहून फारशी अधिक नाहीं. अट एवढीच घातली कीं, प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीनें एक अक्षर लिहावयाचें: दुसऱ्याचें मत असेल तेथें 'पू', त्याचें खंडन असेल तेथें 'ख', लेखकांचा स्वतःचा सिद्धान्त असेल तेथें 'सि', आणि जेथें ते आपल्याच खात्रीला मर्यादा घालतात तेथें 'म'.

तीन संध्याकाळ लागल्या. आरंभींच लेखक म्हणतात कीं, आम्ही एक रचना सुचवूं इच्छितों. मग लायनस पॉलिंग व रॉबर्ट कोरी यांची तीन साखळ्यांची रचना ते पुढें मांडतात, आणि ती कां पटत नाहीं याचीं दोन कारणें देतात: ती कोणत्या बलांनीं जुळून राहील हें स्पष्ट होत नाहीं, आणि कांहीं अणूंमधील अंतरें फारच कमी भरतात. तेथें 'पू' आणि 'ख' बरोबर पडले. त्यानंतर एकाच अक्षाभोंवतीं वळलेल्या दोन साखळ्या, आंतल्या बाजूस ॲडेनिनशीं थायमिन व ग्वानिनशीं सायटोसिन अशा जोड्या, हा त्यांचा सिद्धान्त येतो. पुढें एका वाक्यापाशीं ती थबकली. "आत्या, हे तर स्वतःच म्हणताहेत कीं, अधिक नेमक्या निष्कर्षांशीं ताडून पाहीपर्यंत हें सिद्ध झालें असें समजूं नये! आमच्या पुस्तकांत तर सरळ 'आहे' असें लिहिलेलें असतें."

तिनें तेथें ठळक 'म' लिहिला. माझ्या मतें तिचें अकरावीचें शिक्षण त्या अक्षरापासून सुरू झालें. 'असावें' आणि 'आहे' यांतील अंतर म्हणजे लेखकाचा भित्रेपणा नव्हे. पुरावा जेथवर जातो तेथवरच जाण्याचा तो प्रामाणिकपणा होय. हें एकदां उमगलें म्हणजे क्लिष्ट वाटणारी भाषा क्लिष्ट न राहतां काटेकोर वाटूं लागते.

वाचन झाल्यावर लेखनाचा प्रश्न आला. सारांशलेखन त्यांच्या अभ्यासक्रमांत आहेच. तिचा पहिला सारांश म्हणजे मूळ वाक्यांतील शब्द इकडचे तिकडे करून केलेली गोधडी होती. हल्लीं यंत्राला सांगितलें तर तेंहि क्षणांत सारांश काढून देतें. पण त्यानें समजण्याचें काम आपल्या वतीनें होत नाहीं. म्हणून मीं लेख मिटवून ठेवला आणि सांगितलें, "अप्पांना हें सारें मराठींत समजावून सांग. त्यांना पटलें कीं मग इंग्रजींत लिही." अप्पांनीं तिला न्यायशास्त्रांतील पंचावयव वाक्य शिकविलें. पर्वतावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर आहे, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर, हें उदाहरण. तसाच हा पर्वत आहे, हा उपनय. म्हणून तेथें अग्नि आहे, हें निगमन. इंग्रजी शिक्षक परिच्छेदाच्या आरंभीं मुख्य वाक्य, मग कारण, दाखला आणि शेवटीं निष्कर्ष मागतात, तें याहून फार दूर नाहीं. अप्पांनीं लगेच हेंहि बजावलें कीं, इंग्रजांनीं तें आपल्याकडून नेलें असा अभिमान धरूं नये. नीट विचार करणाऱ्या माणसांना कोठेंहि असेंच मांडावें लागतें.

आणखी एक नियम तिला सांगावा लागला: उसनें घेतलें तें ज्याचें त्याच्या नांवानें मांडावें. त्याच लेखाच्या शेवटीं रोझालिंड फ्रँकलिन यांचा उल्लेख आहे. पण त्यांच्या क्ष-किरण चित्रांचें ऋण किती मोठें होतें तें त्यावरून वाचकाला पुरतें कळत नाहीं. १९५८ मध्यें त्या वारल्या, आणि १९६२ चें नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक व मॉरिस विल्किन्स यांना मिळालें. ऋणनिर्देश हा केवळ शिष्टाचार नसून न्याय आहे, हें भाचीला या उदाहरणानें जितकें पटलें तितकें दहा सूचनांनीं पटलें नसतें.

मराठींत विचार करणाऱ्यांस असें इंग्रजी साधत नाहीं, हा समज तर सर्वस्वीं निराधार आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजींत लिहिला. १९३० ते १९६२ अशा कालावधींत त्याचे पांच खंड प्रसिद्ध झाले. इरावती कर्वे यांचा भारतांतील आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ चा, आणि 'युगान्त' हें मराठी पुस्तक १९६७ चें. एकाच लेखणीला दोन वळणें साधलीं, तीं एका भाषेंत केलेला विचार दुसरींत नेण्याची शक्ति होती म्हणून.

भाचीचा अर्ज दिला गेला नाहीं. पहिल्या सत्रांत तिला गुण बेताचेच पडले. परंतु परिच्छेद संपल्यावर त्यांत काय सांगितलें हें तिला सांगतां येऊं लागलें. म्हणून वाचक भगिनींना माझें सांगणें इतकेंच कीं, शिकवणीचे पैसे भरण्यापूर्वीं मुलाला जवळ बसवून एका परिच्छेदावर चार प्रश्न विचारावे. लेखक काय म्हणतो? कशावरून म्हणतो? कोणाचें म्हणणें तो खोडून काढतो? आणि त्याला स्वतःला किती खात्री आहे? उत्तरें मराठींत आलीं तरी चालतील. तीं येत असतील, तर राहिलेलें इंग्रजी हा थोड्या महिन्यांच्या श्रमांचा प्रश्न आहे. आणि येत नसतील, तर घरांत कितीहि जाड शब्दकोश आणला तरी त्याचा उपयोग व्हावयाचा नाहीं.