वज्रेश्वरीचीं उष्णोदकें

वार्षिक सहलीचा हंगाम आला कीं स्थळ कोणतें असावें याविषयीं आमच्या वर्गांत मोठा वाद माजतो. यंदा कोणी समुद्र सुचविला, कोणी किल्ला सुचविला, परंतु आमच्या विज्ञानशिक्षकांनीं "विस्तवावांचून कढत झालेलें पाणी पाहिलें आहे काय?" असें विचारतांच सर्वांचें एकमत झालें. पौष महिन्यांतील एका सकाळीं वसई रोड स्थानकावर उतरून आम्हीं एस. टी.नें वज्रेश्वरीचा रस्ता धरला.

हें गांव ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांत, तानसा नदीच्या कांठीं, डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. वाटेंत तुंगारेश्वराचे डोंगर धुक्यांतून हळूहळू वर येत होते आणि कापणी झालेलीं भातखाचरें दंवानें चमकत होतीं. देवीचें मंदिर एका टेकडीवर असून तेथें जाण्यास ५२ पायऱ्या चढाव्या लागतात. देवळाचें प्रवेशद्वार एखाद्या किल्ल्याच्या दरवाजासारखें भक्कम आहे, आणि तें योग्यच म्हणावयाचें. कारण वसईच्या मोहिमेवर असतां चिमाजी आप्पांनीं देवीस नवस केला व १७३९ सालीं वसई हस्तगत झाल्यावर हें मंदिर बांधविलें, अशी परंपरा आहे. वरून दिसणारी नदी, झाडी व डोंगरांच्या रांगा पाहतां पाहतां चढण्याचा शीण पार नाहींसा झाला.

दोनप्रहरीं आम्हीं जवळच्या अकलोली येथील कुंडांकडे गेलों. दगडी बांधणीचीं तीं कुंडें नदीच्या अगदीं लगत आहेत. हातभर अंतरावर नदीचें पाणी थंडगार, आणि कुंडांतून मात्र वाफ निघत आहे! तापमापक बुडवितां एका कुंडांत ४२ अंश व दुसऱ्यांत ४८ अंश उष्णता भरली. कांठावर बसलेल्या एका आजीबाईंनीं आम्हांस सांगितलें, "बाळांनो, देवीनें राक्षस मारले, त्यांचें हें रक्त, म्हणून अजून ऊन आहे." शिक्षकांनीं त्यांचें बोलणें आदरानें ऐकून घेतलें व मागाहून आम्हांस शास्त्रीय कारण समजाविलें. येथील काळा खडक सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा खरा; परंतु तो अग्नि केव्हांच निवाला. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें. भूगर्भांत दर किलोमीटरमागें साधारणपणें २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तापलेलें तें पाणी दुसऱ्या भेगांवाटे पुन्हां वर येतें. पालघरकडील सातिवलीपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची जणूं एक माळच सह्याद्रीच्या पायथ्याशीं पसरलेली आहे.

आम्हीं स्नानाचा आनंद लुटीत असतां आमचा एक वर्गबंधु मात्र एका बाजूस बसून मोठी बाटली भरीत होता. त्याच्या आजीचे गुडघे कित्येक वर्षें दुखत आहेत; या पाण्यानें आपण पुन्हां चालूं लागूं, अशी तिची आशा होती. शेजारीं पाय सोडून बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास त्यानें विचारलें, "बाबा, ह्यानें दुखणें जातें का हो?" ते म्हणाले, "पोरा, बसलों तोंवर बरें वाटतें. दोन दिवसांनीं पुन्हां तेंच." तें ऐकून त्याचा चेहरा उतरला. "सर, घरीं जाईपर्यंत हें पाणी निवेल. मग आजीला काय सांगूं?" या प्रश्नावर आम्हीं सगळे स्तब्ध झालों.

शिक्षक क्षणभर थांबून म्हणाले, "खरें असेल तेंच सांग. उबेनें आंखडलेले स्नायु सैल होतात, वेदना कमी होते. मूळ रोग जात नाहीं, त्याला वैद्यच पाहिजेत. बाटली घेऊन जा. पाणी चुलीवर सोसवेल इतकें ऊन कर, त्यांत फडकें भिजवून पीळ, आणि स्वतःच्या हातानें तिचे गुडघे शेक. तें पाणी संपलें तर घरचें घे."

त्यानें तसेंच केलें. आजी अजून काठीवांचून चालत नाहींत. परंतु शेकल्यावर रात्रीं त्यांना झोंप लागते, आणि नातवाची वाट त्या सायंकाळपासूनच पाहतात, असें तो सांगतो.

निसर्गांतील चमत्काराचें कारण कळलें म्हणजे त्याची गोडी कमी होते, असें कित्येकांस वाटतें. आमचा अनुभव निराळा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस पृथ्वीच्या पोटांत जाऊन ऊब घेऊन परत येतो, हें समजल्यापासून त्या कुंडांविषयीं आमचा आदर वाढलाच. आणि ती ऊब दुसऱ्यापर्यंत पोंचविण्यास वज्रेश्वरीचेंच पाणी पाहिजे असें नाहीं, हेंही आम्हीं त्या दिवशीं शिकलों.