संदर्भ कळला नाही म्हणून कुणी बाहेरचा ठरत नाही

ॲनिमे पाहणाऱ्या आणि फॅनफिक्शन लिहिणाऱ्या पोरांविषयी दोन टोकांची मते आम्ही सतत ऐकतो. पहिले मत थोरामोठ्यांचे. हे सगळे उष्टे आहे, दर दोन वाक्यांआड कुठल्या तरी सिनेमाचा, गाण्याचा, दुसऱ्या मालिकेचा उल्लेख येतो, स्वतःचे म्हणून काही नाही. दुसरे मत खुद्द चाहत्यांचे. ज्याला संदर्भ कळतो तोच खरा चाहता, बाकीच्यांनी आधी शंभर मालिका पाहून याव्यात. आमच्या मते दोघेही एकच चूक करतात. दोघेही संदर्भ मोजत बसतात. तो संदर्भ कुणाला आत घेतो, कुणाला दाराबाहेर उभे करतो आणि त्यातून कुणाचा गल्ला भरतो, हे कुणीच विचारत नाही. समाजशास्त्र शिकून वस्तीत काम करणाऱ्या आम्हाला मात्र हाच प्रश्न आधी पडतो.

थोरामोठ्यांच्या 'उष्टे' या शब्दापासून सुरुवात करू. जपानमध्ये जुन्या कवितेतील ओळ नव्या कवितेत गुंफण्याची रीत शतकानुशतके चालत आलेली आहे. तिला होंकादोरी म्हणतात. फुजिवारा नो तेइका (1162-1241) या कवीने तर तिचे नियमच घालून दिले. पाच ओळींच्या कवितेत जुन्यातल्या दोन ओळींच्या फार पुढे जाऊ नये आणि विषयही बदलावा, म्हणजे प्रेमाची ओळ घेतली तर ती ऋतूच्या कवितेत न्यावी. म्हणजे उसने घ्या, पण त्याचे काहीतरी नवे करा. तेव्हा संदर्भ वापरणे हा आजच्या पोरांनी लावलेला शोध नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही कविता दरबाराची होती. ज्याने जुने संग्रह पाठ केले होते त्यालाच ती पुरती कळायची. शेतात राबणाऱ्याला त्या मैफलीत जागा नव्हती. संदर्भाला पहिल्या दिवसापासून दोन तोंडे आहेत. एक तोंड आठवण जपते, दुसरे पहारा देते.

विसाव्या शतकात हे हत्यार दरबाराबाहेर आले. डिसेंबर 1975 मध्ये तोक्योत 'कॉमिक मार्केट' नावाचा छोटा मेळावा भरला. 32 गट आणि सुमारे 700 माणसे. त्यात मोठा भरणा शाळकरी मुलींचा होता. आवडत्या पात्रांवर स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या वह्या त्या एकमेकींना विकत होत्या. आज त्याच मेळाव्याला लाखोंची गर्दी होते. पुढे 1983 मध्ये ओसाकातल्या एका विज्ञानकथा संमेलनासाठी काही हौशी पोरांनी 'दाईकॉन 4' नावाची काही मिनिटांची चित्रफीत केली. सशाचा पोशाख केलेली एक मुलगी आणि तिच्याभोवती सुपरमॅन, गॉडझिला, स्टार वॉर्सची पात्रे, नाना मालिकांतली यंत्रे यांची नुसती झुंबड. पात्रांची परवानगी नाही, मागे वाजणाऱ्या इंग्रजी गाण्याचीही नाही. स्टुडिओ नसलेल्या, भांडवल नसलेल्या पोरांनी सगळ्या जगाची पात्रे एका अंगणात नाचवली. त्यांच्यातूनच पुढे 'गायनॅक्स' हा स्टुडिओ उभा राहिला आणि 1995 मध्ये त्याने 'इव्हँजेलियन' ही गाजलेली मालिका दिली. ज्यांच्याकडे स्वतःचे मालकीचे काही नसते, त्यांना सुरुवात दुसऱ्याच्या सामानानेच करावी लागते. यात लाज कसली?

पण या हत्याराची मालकी पुन्हा बाजाराकडे जाते, आणि इथे आपल्या पोरांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. 'केरोरो गुन्सो' ही 2004 ची विनोदी मालिका घ्या. पृथ्वी जिंकायला आलेला बेडूक सेनाधिकारी आपले काम सोडून दिवसभर 'गंडम' या यंत्रमानवाची खेळणी जुळवत बसतो. प्रेक्षक खो खो हसतात. गंमत अशी की मालिका बनवणारा सनराइज हा स्टुडिओच मूळ गंडम बनवणारा, आणि तो ज्या बांदाई समूहाचा भाग आहे, तोच ही खेळणी विकतो. विनोद आहे, तशी जाहिरातही आहे. 'लकी स्टार' या 2007 च्या मालिकेत एक मुलगी 'हारुही सुझुमिया'ची वेडी चाहती दाखवली आहे. दोन्ही मालिका एकाच स्टुडिओच्या, दोन्हींची मूळ पुस्तके एकाच प्रकाशनसमूहाची, आणि त्या मुलीला आवाजही हारुहीला आवाज देणाऱ्या कलावतीचाच. संदर्भ कळल्याचा जो आनंद आपल्याला होतो, तो कधी कधी दुकानदाराच्या हिशेबात आधीच धरलेला असतो.

आता उलट बाजू पाहा. ऑक्टोबर 2015 मध्ये 'ओसोमात्सु-सान'चा पहिला भाग दुसऱ्यांच्या गाजलेल्या मालिकांची टिंगल करत आला. तो भाग पुढे ऑनलाइन दाखवणे बंद झाले आणि विक्रीच्या डिस्कमध्येही घेतला गेला नाही. 'जोजो'च्या कथेत शक्तींना पाश्चात्त्य गाण्यांची नावे आहेत. इंग्रजी उपशीर्षकांत 'किलर क्वीन'ची 'डेडली क्वीन' झाली. स्वतःच्या मालाचा संदर्भ मोकाट आणि दुसऱ्याच्या मालाचा संदर्भ कापून टाकायचा, असा हा न्याय. संस्कृती सगळ्यांची म्हणायची आणि किल्ली मात्र काहींच्याच कमरेला.

ही किल्ली कंपनीकडेच असते असे नाही. ती चाहत्यांच्या हातातही असते. 1973 मध्ये पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या फॅनफिक्शनची थट्टा करणारी एक छोटी कथा लिहिली. साडेपंधरा वर्षांची मेरी सू सगळ्यात हुशार, सगळ्यांची लाडकी. थट्टा ठीक होती. पण पुढे 'मेरी सू' हा शिक्का झाला आणि स्वतःला कथेत पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलीच्या कपाळी तो बसू लागला. 2006 च्या सुमारास 'माय इम्मॉर्टल' नावाची हॅरी पॉटरवरची फॅनफिक्शन आली. त्यात जादूगारांच्या शाळेत अमेरिकी रॉक बँडांची नावे, कपड्यांच्या दुकानाचे नाव, काळ्या रंगाच्या पोशाखांची वर्णने ओतप्रोत. जगातली सर्वांत वाईट फॅनफिक्शन म्हणून तिची कीर्ती झाली. ती वाईट आहेच. पण तिच्यातले संदर्भ नीट वाचा. ती नावे म्हणजे एका किशोरवयीन आवाजाने दाखवलेले ओळखपत्र आहे. मी कोण, मी कुणाची, माझी टोळी कोणती, एवढेच ते सांगतात. हजारो माणसे त्याला हसली. हे ओळखपत्र दाखवण्याची गरज का पडते, असे विचारणारे थोडेच निघाले.

आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथली अकरावीतली एक मुलगी मोबाइलवर कथा लिहिते. 'नारुतो' तिच्या आवडीची. तिने आपली कथा चाहत्यांच्या एका गटात टाकली. कथा कशी आहे हे कुणी सांगितले नाही. किती भाग पाहिलेस, ही युक्ती मूळ मालिकेत अशी चालत नाही, तमक्या पात्राच्या त्या संवादाचा संदर्भ तुला कळलेला दिसत नाही, अशा प्रश्नांची फैर झडली. घरात एक मोबाइल, तोही भावाबरोबर वाटून घ्यायचा. दिवसाचा डेटा संपला की भाग अर्ध्यावर थांबतो. मूळ जपानी मालिकेचे सगळे भाग, चित्रपट, जादा पुस्तके तिने कुठून पाहायची? दोन महिने तिने एक ओळ लिहिली नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना मांडली. पैशासारखेच ज्ञानही साठवले जाते, वारशाने मिळते आणि दुसऱ्याला खाली बसवायला वापरले जाते. परीक्षेतल्या इंग्रजीचे हे भांडवल आपण ओळखतो. मौजमजेतले हे भांडवल ओळखायला आपण अजून शिकलेलो नाही.

संदर्भ दार न अडवता कसा वापरता येतो, याचे उदाहरण आपल्या घराघरांत होऊन गेले आहे. हिंदीतला 'शिनचॅन' आठवा. त्याचा लाडका ॲक्शन कामेन हा जपानच्या मुखवटेधारी वीरांच्या मालिकांवरचा विनोद आहे आणि कांतम रोबो हा गंडमवरचा. आपल्या वस्त्यांतल्या पोरांना यातले काहीही ठाऊक नव्हते. तरी ती हसली, कारण आवडत्या वीरामागे वेडा झालेला पाच वर्षांचा पोरगा कुठल्याही गल्लीत ओळखू येतो. ज्याला संदर्भ माहीत त्याला जादा हसू, ज्याला माहीत नाही त्यालाही पोटभर हसू. आमची कसोटी हीच आहे. संदर्भ काढून घेतला तर खाली माणूस उरतो का?

उलट, माणूस गळून नुसते चिन्ह उरले तर काय होते? जपानी विचारवंत हिरोकी आझुमा यांनी 2001 मध्ये मांडले की चाहते आता गोष्टीपेक्षा सुट्या भागांवर जगतात. केसांची तऱ्हा, कपडे, ठरावीक बोलणे यांचा जणू एक साठा असतो आणि त्यातून हवे ते उचलून जोडले जाते. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये एका समाजाला दंडावर पट्टा बांधून वेगळ्या वस्तीत कोंडले जाते. युरोपातल्या ज्यूंच्या छळाची आठवण त्यातून सरळ येते. 2021 मध्ये तोच पट्टा चाहत्यांसाठी विकायचा माल म्हणून जाहीर झाला. लोकांनी आक्षेप घेतला, विक्री रद्द झाली, माफी मागावी लागली. ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधल्याची आठवण आजही सांगितली जाते, त्यांना हा पट्टा खेळणे का नाही, हे समजावून सांगावे लागत नाही. संदर्भ गोष्टीतून सुटा झाला की वेदनेचेही दुकान लागते.

मग संदर्भ वापरावा कसा? 2001 मध्ये ॲलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने 'द विंड डन गॉन' लिहिले. 'गॉन विथ द विंड' ही गुलाम बाळगणाऱ्या जमीनदारांचा काळ गोंजारणारी लाडकी कादंबरी. रँडल यांनी तीच गोष्ट गुलाम म्हणून जन्मलेल्या मुलीच्या तोंडून सांगितली. मूळ लेखिकेच्या वारसहक्कदारांनी दावा लावला, खालच्या कोर्टाने पुस्तक रोखले, वरच्या कोर्टाने ती बंदी उठवली आणि 2002 मध्ये तडजोड झाली. इथे संदर्भ हा पुरावा म्हणून उभा आहे. तुमच्या गोष्टीत आम्ही होतोच, फक्त बोलत नव्हतो, असे तो सांगतो.

आपल्याकडेही ही रीत रुजलेली आहे. सत्यशोधक जलशाने आणि पुढे आंबेडकरी जलशाने तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन त्यात नवा विचार भरला. भीमगीते गाणाऱ्या कित्येक गायन पार्ट्यांनी गाजलेल्या सिनेगीतांच्या चाली उचलल्या. चाल ओळखीची म्हणून निरक्षर आईच्या तोंडीही गाणे लगेच बसले, आणि ज्याने तो सिनेमा पाहिला नव्हता त्यालाही अर्थ पुरता कळला. चाल दुसऱ्याची, पण म्हणणे आपले. उष्टे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

त्या मुलीच्या कथेतही तेच होते. मासाशी किशिमोतो यांच्या 'नारुतो'त ह्यूगा नावाचे घराणे आहे. त्यात मुख्य शाखा आणि दुय्यम शाखा. दुय्यम शाखेत जन्मलेल्याच्या कपाळावर एक चिन्ह कोरतात, आणि मुख्य शाखेची सेवा हेच त्याचे प्राक्तन ठरते. नेजी हा त्या शाखेतला गुणी मुलगा अखेर मुख्य शाखेच्या मुलीला वाचवताना मरतो. मरणानंतर त्याच्या कपाळावरचे चिन्ह पुसले जाते. नेजी शूर म्हणून सगळे रडले. आमच्या मुलीने मात्र विचारले, चिन्ह पुसायला मरावेच का लागावे? तिच्या कथेत दुय्यम शाखेतली एक बाई आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन चिन्ह कोरण्याच्या आदल्या रात्री घर सोडते. एवढीच कथा. त्यात ना गाजलेला संवाद, ना दहा मालिकांची नावे. पण 'नारुतो' ज्याने पाहिला आहे त्याला पुन्हा पाहायला लावेल आणि ज्याने पाहिला नाही त्यालाही झोप लागू देणार नाही, असा हा संदर्भ आहे.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक विनोदाखाली टीप द्यायची काय? मुळीच नको. मित्रांमधली गंमत मित्रांमध्ये राहू द्या. गोतावळ्याची स्वतःची भाषा असते आणि असावी. आमचे भांडण तिथे आहे जिथे त्या भाषेची प्रवेशपरीक्षा होते आणि ज्याच्याकडे वेगळा मोबाइल, जादा डेटा आणि मोकळा वेळ आहे तोच पास होतो.

तेव्हा लिहिणाऱ्या पोरापोरींनो, बिनधास्त उसने घ्या. नारुतो घ्या, लुफी घ्या, शिनचॅन घ्या, कुणाच्या बापाची परवानगी मागू नका. फक्त लिहून झाल्यावर कथा अशा एकाला वाचून दाखवा ज्याने यातले काहीच पाहिलेले नाही. आईला दाखवा, पाळीवरून आलेल्या भावाला दाखवा. तो मध्येच 'मग पुढे काय झाले?' असे विचारत असेल तर तुमचा संदर्भ कामाचा आहे. आणि गटात कुणी नवखी मुलगी कथा घेऊन आली, तर तिने किती भाग पाहिले हे विचारण्याआधी तिने काय लिहिले आहे ते वाचा.

जय भीम!