जुना बोर्ड, नवा पावसाळा

पाऊस तोंडावर आला की महाडातल्या घराघरांतल्या जुन्या वीजबोर्डांची मला काळजी वाटू लागते. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी बाजारपेठेत घुसलं. ओसरल्यावर भिंतींना रंग लागला. पण बोर्डात शिरलेला गाळ कोण बघतं? भिजलेला एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) वरून ठाकठीक दिसतो, खटकाही पडतो, पण ऐन वेळी दगा देऊ शकतो. तो वाळवून वापरू नये, बदलावाच.

पोलादपूरकडच्या जुन्या घरांतले लाकडी बोर्डावरचे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज मुळात वाईट नव्हेत. वाईट आहे ती त्यांत कोंबलेली जाड तांब्याची तार. फ्यूज वितळतच नाही. तापते ती भिंतीतली वायर. बोर्डाची काळवंडलेली कड, जळका वास या खुणा ओळखायला हव्यात. मेन बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या टोकांत वीज असतेच, म्हणून झाकण परवानाधारक वायरमननेच उघडावं. टाइल्स, टीव्हीचा खर्च नंतर. आधी चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), हेच मी भेटेल त्याला कळकळीनं सांगतोय.