बंद घर

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें वाडवडील सांगून गेले. आणि स्वयंपाकघरापुरतें तें खरेंही आहे, कारण भात एकाच पातेल्यांत शिजतो. जिल्हा मात्र असा एका आंचेवर शिजत नाहीं. आमच्या वर्धा जिल्ह्यांत बोर धरणाच्या पाण्यावरचें सेलूकडील शिवार निराळें आणि आष्टी-कारंजाकडची डोंगरउताराची जमीन निराळी. मग मूठभर घरें पाहून साऱ्या जिल्ह्याविषयीं बोलण्याचा अधिकार कोणास पोंचतो? आपणांस पोंचतो, असें आमच्या भाचीचें म्हणणें. ती संख्याशास्त्र शिकली असून गेल्या दिवाळींत आमच्या ओसरीवर संगणक मांडून बसली होती.

पूर्वीं हा अधिकार डोळ्यांकडे असे. शेत पाहावें आणि 'दहा आणे पीक' म्हणून मोकळें व्हावें. या आणेवारीचीच पुढें पैसेवारी झाली. साऱ्याची सूट तिजवर अवलंबून, तेव्हां पाहणाऱ्याचा डोळा कोठें ना कोठें झुकावयाचाच! हा डोळा बाजूस सारण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांत पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे हीं दोन मराठी नांवें अग्रभागीं आहेत. शेत चिठ्ठीनें निवडावयाचें, शेतांतील चौकटही चिठ्ठीनेंच ठरवावयाची, आणि तेवढेंच पीक कापून तोलावयाचें. त्यांतही सुखात्म्यांना असें आढळलें, कीं चौकट फार लहान घेतली म्हणजे उतारा वाढून येतो. कारण कडेवरचें रोप आंत कीं बाहेर असा प्रश्न पडला, कीं कापणाऱ्याचा हात तें आंतच ओढतो. ही लबाडी नव्हे. भरल्या कणसाचा मोह.

हा मोह आम्हांस चांगला ठाऊक आहे. तरुणपणीं एका पाहणीचें काम आमच्याकडे आलें होतें. कापूस वेचणीचे दिवस. घरांची यादी वरून ठरून आलेली. तींतील एका घरास कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ते मजुरीले गेले जी, कधीं येतीन सांगतां येत नाहीं." ऊन चढलें होतें, आणि पलीकडच्या पक्क्या घरांतून चहाचें बोलावणें आलें. आम्हीं चहा घेतला आणि कुलपाच्या जागीं त्या घराची माहिती भरली. प्रश्न कोणता, तें सांगतांना आजही लाज वाटते: घरांतील किती माणसें मजुरीसाठीं गांव सोडून जातात? उत्तर लिहिलें, 'एकही नाहीं.'

हें सारें भाचीस सांगितलें तेव्हां ती हंसली नाहीं. तिनें हिशेब मांडला. "समजा मामा, गांवांत २४० घरें आणि निवडलीं १२. म्हणजे एक घर २० घरांच्या वतीनें बोलतें. पुन्हा तें गांवच ५० गांवांतून एक निवडलेलें. मग तुमचें चहाचें घर किती घरांच्या वतीनें बोललें?"

"हजार," आम्ही हळूच म्हणालों.

ती 'आर' नांवाची फुकट मिळणारी प्रणाली वापरते. तींत पाहण्यांसाठींच केलेला 'सर्व्हे' म्हणून एक संच आहे. प्रत्येक घराचा असा भार, तें कोणत्या विभागांतलें आणि कोणत्या गांवचें, एवढें त्यास आधीं सांगावें लागतें. गांव सांगावयाचें विसरलें, तर एका गांवच्या बारा घरांस तो बारा स्वतंत्र साक्षीदार समजतो, आणि आंकडा असावा त्याहून अधिक खात्रीचा भासूं लागतो. सर्व नीट सांगितलें म्हणजे जिल्ह्याचा अंदाज व त्यापुढें चुकीची संभाव्य मर्यादा, दोन्ही क्षणांत पडद्यावर येतात.

"या मर्यादेंत आमचा चहा धरलेला असतो काय?"

"नाहीं मामा. ती चिठ्ठीची चूक, तुमची नव्हे."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ७०७ जिल्ह्यांतून ६,३६,६९९ घरें झालीं. म्हणजे जिल्ह्यामागें सरासरी सुमारें ९००. आमच्या जिल्ह्यांतच २०११ च्या शिरगणतीप्रमाणें १३,००,७७४ माणसें! निवडलेल्या घराऐवजीं दुसरें घेण्यास त्या पाहणींत बंदी होती, हें भाचीनें सांगितलें, तेव्हां ती बंदी आमच्यासारख्यांसाठींच असावी अशी आमची खात्री झाली.

मग तिनें स्वतःच्या कामांतील एक ओळ दाखविली. उत्तरांचे रकाने सारे रिकामे. शेवटीं कोणी लिहिलें होतें: 'घर बंद. तीनदां गेलों. वेचणीस गेले आहेत.' अशा घरांचा भार त्याच गांवच्या उरलेल्या घरांवर वांटून देतात, असें ती म्हणाली. पण तीं घरें तर वेचणीस न गेलेलीं, हें तिच्याही ध्यानांत होतें, म्हणून ती ओळ तिनें वेगळी काढून ठेविली होती.

हा तीनदां गेलेला मनुष्य कोण, असें आम्हीं विचारलें. तिच्याजवळ त्याचें नांव नव्हतें. केवळ एक क्रमांक होता.